एका ग्लायकन पीकची उलटतपासणी

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ग्लायकोप्रोटीनवरचे एन-ग्लायकन, म्हणजे प्रोटीनच्या नायट्रोजनला जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या, पीएनजीएज एफ या एन्झाइमने सोडवले, त्यांना २-एबी हे फ्लुरोसन्ट लेबल लावलं आणि अमाइड कॉलमवर हिलिक पद्धतीने (पाण्याशी सलगी असलेले रेणू कॉलमवर जास्त थांबतात ती क्रोमॅटोग्राफी) रन घेतला. कॉलमनंतर फ्लुरोसन्स डिटेक्टर, त्यानंतर आयनांचं वस्तुमान मोजणारा क्यू-टॉफ मास स्पेक्ट्रोमीटर. आलेखातल्या एका ठसठशीत पीकला, म्हणजे शिखराला, सॉफ्टवेअरने तीन उत्तरं दिली. पहिल्यात एक सायलिक आम्ल (साखळीच्या टोकाला लागणारी आम्लधर्मी शर्करा) आहे. दुसऱ्यात त्याच्या जागी दोन फ्युकोज (ही दुसरी एक लहान शर्करा) आहेत. तिसरं पहिल्यासारखंच आहे, फक्त सायलिक आम्ल २,३ ऐवजी २,६ जोडणीने लागलेलं आहे (अंक म्हणजे कोणते कार्बन जोडले गेले ते). तिन्ही उत्तरं १० पीपीएमच्या (दशलक्षात दहा भागांच्या) आत बसतात. मग खरं कोणतं, आणि ते ठरवायचं कसं?

नुसत्या वस्तुमानावरून हे ठरणार नाही. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तराचं वस्तुमान शेवटच्या दशांशापर्यंत एकच आहे, त्यामुळे कितीही महागडं यंत्र आणलं तरी वस्तुमान त्यांच्यात फरक करू शकत नाही. पहिलं आणि दुसरं वेगळं करता येतं, पण त्यासाठी सॉफ्टवेअरचा तक्ता बाजूला ठेवून मूळ स्पेक्ट्रम उघडावा लागतो. माझी स्वतःची शिस्त अशी आहे की कॉलमवरचा वेळ, तुकड्यांचा स्पेक्ट्रम (रेणू यंत्रात फोडून मिळणारा) आणि एन्झाइमची प्रतिक्रिया या तिन्हींची साक्ष जुळल्याशिवाय पीकवर रचनेचं नाव लिहायचं नाही. तोपर्यंत फक्त घटक किती ते लिहायचं.

प्रोटीन किंवा पेप्टाइडवर काम करून शर्करेकडे वळलेल्यांना ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते. पेप्टाइडमध्ये ल्युसिन-आयसोल्युसिनसारखी जोडी सोडली तर प्रत्येक अमिनो आम्लाचं वस्तुमान वेगळं असतं आणि साखळी सरळ असते. शर्करेत ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज तिघांचं सूत्र एकच. साखळीत बसल्यावर तिघंही १६२.०५३ डाल्टनच भरतात. त्यात भर म्हणजे जोडणी कुठल्या कार्बनला, ती अल्फा की बीटा, आणि फांदी कुठे फुटते. रॉजर लेन यांनी १९९४ मध्ये सहा घटकांच्या शर्करेच्या शक्य रचनांचा हिशेब मांडला होता, आकडा आला १.०५ गुणिले १० चा १२वा घात, म्हणजे एक लाख कोटींहून जास्त. वीस अमिनो आम्लांपासून सहा घटकांचे पेप्टाइड बनवायचे तर ६ कोटी ४० लाखांवर गोष्ट संपते. निसर्ग यातल्या फार थोड्या रचना प्रत्यक्षात बनवतो, एन-ग्लायकनचा तर पाच शर्करांचा गाभाही ठरलेला असतो, म्हणून आपलं काम शक्य होतं. पण 'निसर्गात असंच असतं' या गृहीतकावर आपण किती टेकलो आहोत, हे प्रत्येक वेळी लक्षात ठेवायला हवं.

आता तुमच्या पीककडे येऊ. पहिलं उत्तर म्हणजे ५ हेक्सोज (ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोजसारख्या शर्करा), ४ एन-असिटिलहेक्सोजअमाइन, १ सायलिक आम्ल. हेक्सोज १६२.०५३, एन-असिटिलहेक्सोजअमाइन २०३.०७९, सायलिक आम्ल २९१.०९५, शेवटी पाण्याचे १८.०११ आणि २-एबीमुळे वाढणारे १२०.०६९ धरले की बेरीज येते २०५१.७५६. दोन प्रोटॉन लागलेला आयन म्हणजे एम/झेड (वस्तुमान भागिले विद्युतभार) १०२६.८८५. दुसऱ्या उत्तरात सायलिक आम्लाच्या जागी दोन फ्युकोज, म्हणजे २९१.०९५ जाऊन २९२.११६ आले. तो आयन १०२७.३९६ वर येतो. फरक अर्ध्या एककाचा, आणि घोटाळा नेमका इथेच आहे. पहिल्या रेणूत लेबलसकट ८० कार्बन आहेत. त्यामुळे एक कार्बन-१३ असलेलं त्याचं दुसरं आयसोटोप शिखर १०२७.३८७ वर येतं आणि उंचीला पहिल्या शिखराच्या साधारण ९० टक्के असतं. म्हणजे सायलिक आम्लवाल्याचं दुसरं शिखर आणि दोन फ्युकोजवाल्याचं पहिलं शिखर यांच्यात उरतात फक्त ०.००८५. पीपीएममध्ये सुमारे ८. तुमची सहनमर्यादा १० आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरला दोन्ही चालतात.

ही दोन शिखरं एकमेकांपासून सुटी दिसायला साधारण १,२०,००० रिझोल्यूशन (जवळची शिखरं वेगळी दाखवण्याची क्षमता) लागेल. बहुतेक क्यू-टॉफ यंत्रं तिथपर्यंत पोचत नाहीत. पण त्याची गरजही नाही. स्पेक्ट्रम मोठा करा आणि १०२७.३९ च्या अर्धा एकक डावीकडे पाहा. १०२६.८८५ वर शिखर आहे का? असेल आणि ते उजवीकडच्यापेक्षा किंचित उंच असेल, तर सायलिक आम्ल. तिथे काहीच नसेल, मालिका १०२७.३९ पासूनच सुरू होत असेल, तर दोन फ्युकोज. डावीकडे शिखर आहे, पण उजवीकडचं त्याच्या दीडपट-दुप्पट उंच आहे, असं दिसलं तर दोन्ही रेणू एकाच पीकखाली एकत्र बाहेर पडत आहेत. मग ग्रेडियंट (रनमध्ये द्रावक बदलण्याचा वेग) मंद करून त्यांना सोडवावं लागेल. सिग्नल कमी असताना गोंगाटात डावीकडचं शिखर हुकतं, सॉफ्टवेअर दुसऱ्यालाच पहिलं समजतं, आणि सायलिक आम्ल असलेल्या रेणूला दोन फ्युकोज चिकटवतं. छापून आलेल्या तक्त्यांतसुद्धा ही चूक मी पाहिली आहे. म्हणून तक्त्यात दोन फ्युकोज दिसले की माझा हात आधी मूळ स्पेक्ट्रमकडे जातो.

याच जातीचे आणखी तीन सापळे सांगते, कारण पुढच्या पीकला ते भेटतीलच. फ्युकोज आणि हेक्सोज यांच्यात एका ऑक्सिजनचा, म्हणजे १५.९९५ चा फरक असतो. पोटॅशियम आणि सोडियम यांच्यात १५.९७४ चा. त्यामुळे फ्युकोजवाला रेणू पोटॅशियम घेऊन आला की तो सोडियम घेतलेल्या हेक्सोजवाल्यासारखा दिसतो, फरक फक्त ०.०२१. सल्फेट ७९.९५७ आणि फॉस्फेट ७९.९६६, फरक ०.००९५. तिसरा सापळा सर्वांत वाईट. सायलिक आम्लाचे दोन प्रकार आहेत: मानवी पेशी बनवतात तो न्यू५एसी, आणि उंदरासह बऱ्याच सस्तन प्राण्यांत सापडणारा न्यू५जीसी, ज्यात एक ऑक्सिजन जास्त आहे. 'न्यू५जीसी अधिक फ्युकोज' आणि 'न्यू५एसी अधिक हेक्सोज' यांचं अणुसूत्रच एक आहे. दोन्ही ४५३.१४८. तुमचं प्रोटीन उंदराच्या पेशींत तयार झालं असेल तर या जोडीकडे कानाडोळा करून चालणार नाही, आणि तिथे तुकड्यांशिवाय मार्ग नाही.

तुकड्यांच्या स्पेक्ट्रममध्ये आधी खालचा भाग पाहावा, ५०० च्या खालचा. बरेच जण वरच्या मोठ्या तुकड्यांपासून सुरुवात करतात आणि गुंततात. खाली २०४.०८७ दिसलं म्हणजे एन-असिटिलहेक्सोजअमाइन आहे, ३६६.१४० म्हणजे त्याला एक हेक्सोज लागलेला आहे. न्यू५एसी असेल तर २७४.०९२ आणि २९२.१०३ ही जोडी येतेच, आणि वर ६५७.२३५ येतं, म्हणजे पूर्ण फांदी, टोकाच्या सायलिक आम्लासकट. न्यू५जीसी असेल तर ती जोडी १५.९९५ ने सरकून २९०.०८७ आणि ३०८.०९८ वर जाते. तुमच्या पहिल्या दोन उत्तरांमधला वाद इथे काही मिनिटांत मिटतो. २७४ आणि २९२ ठळक असतील तर दोन फ्युकोजचा दावा जवळपास बाद झाला.

फ्युकोज कुठे लागलाय, हे मात्र इतक्या सहज ठरत नाही. लेबल लागलेलं टोक ३४२.१७ वर दिसतं, म्हणजे एक एन-असिटिलग्लुकोजअमाइन अधिक २-एबी. त्याच्यावर फ्युकोज असेल तर ४८८.२२. फांदीवर फ्युकोज असेल तर ५१२.१९७ यायला हवं. पुस्तकी हिशेब इतकाच. प्रत्यक्षात प्रोटॉन लागलेल्या आयनमध्ये, टक्कर देऊन तुकडे करताना, फ्युकोज आपली जागा सोडून शेजारच्या शर्करेवर जाऊन बसतो. गाभ्यावरचा फ्युकोज फांदीवर पोचतो आणि ५१२ दाखवतो, जे मूळ रेणूत नव्हतंच. म्हणून ५१२ चं छोटं शिखर पाहून 'फांदीवर फ्युकोज आहे' असं लिहू नका. सोडियम लागलेला आयन निवडून तुकडे केले, किंवा परमिथायलेशन (सगळ्या मोकळ्या हायड्रॉक्सिलवर मिथाइल गट लावणं) केलं, तर ही हालचाल होत नाही. मी शंका आली की त्याच रनमधला सोडियमवाला आयन निवडते. सिग्नल कमी मिळतो, पण मिळतो तो विश्वासाचा असतो.

तुकड्यांची नावं वाचताना अडखळायला होत असेल तर डोमोन आणि कॉस्टेलो यांची १९८८ ची पद्धत एकदा कागदावर काढून बघा. लेबल नसलेल्या टोकाकडून ए, बी, सी, लेबलच्या टोकाकडून एक्स, वाय, झेड. यातले ए आणि एक्स म्हणजे शर्करेचं कडंच फोडून आलेले तुकडे, आणि जोडणी कुठल्या कार्बनला आहे ते तेच सांगतात. पॉझिटिव्ह मोडमध्ये ते कमी येतात, निगेटिव्ह मोडमध्ये भरपूर येतात.

आता कॉलम. मास स्पेक्ट्रोमीटर जोडला की क्रोमॅटोग्राफीकडे लोक नुसती पाइपलाइन म्हणून पाहू लागतात. शर्करेच्या बाबतीत उलट आहे. आयसोमर (वस्तुमान एकच पण रचना वेगळी असलेले रेणू) वेगळे करण्याचं काम मुख्यतः कॉलम करतो आणि मास त्याला दुजोरा देतो. अँटिबॉडीवरचा एका गॅलॅक्टोजचा ग्लायकन घ्या. तो गॅलॅक्टोज १,६ बाजूच्या फांदीवर असू शकतो किंवा १,३ बाजूच्या. वस्तुमान एकच, पण हिलिकमध्ये दोन स्वतंत्र पीक पडतात, आणि हे पाहायला मास लागतही नाही.

हिलिकमध्ये वेळ मोजायचा तो मिनिटांत नाही, ग्लुकोज युनिटमध्ये. २-एबी लावलेली डेक्स्ट्रानची (ग्लुकोजच्या लहानमोठ्या साखळ्यांची) शिडी त्याच दिवशी, त्याच पद्धतीने चालवायची. एक ग्लुकोज, दोन ग्लुकोज, तीन ग्लुकोज, अशा पायऱ्या मिळतात, त्यांवरून वक्र काढायचा आणि आपल्या पीकचं स्थान त्यावर वाचायचं. कॉलम जुना झाला, बफर किंचित बदलला, तर मिनिटं सरकतात, ग्लुकोज युनिट जवळपास जागेवर राहतात. सायलिक आम्ल २,३ ने लागलेलं असेल तर अमाइड कॉलमवर तो रेणू सहसा २,६ वाल्याच्या आधी येतो. तुमच्या क्रोमॅटोग्राममध्ये त्या पीकला खांदा आहे का, किंवा लगेच पुढे-मागे त्याच वस्तुमानाचं दुसरं पीक आहे का, ते १०२६.८८५ चा एक्स्ट्रॅक्टेड आयन क्रोमॅटोग्राम (फक्त त्या आयनचा वेळेनुसार आलेख) काढून पाहा. दोन पीक दिसली तर पहिलं आणि तिसरं अशी दोन्ही उत्तरं खरी असण्याची शक्यता आहे.

रनच्या अटी तुम्ही दिल्या नाहीत, म्हणून मी कुठून सुरुवात करते ते सांगते. ५० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट, पीएच ४.४, कॉलम ६० अंश सेल्सिअसला, ॲसिटोनायट्राइल ७५ टक्क्यांपासून हळूहळू ५० च्या आसपास. जलीय बफर काचेच्या बाटलीत दिवसेंदिवस ठेवू नका. काचेतून सोडियम उतरतं आणि स्पेक्ट्रममध्ये सोडियमच्या जोड्या वाढत जातात. प्लास्टिकची स्वच्छ बाटली आणि ताजं बफर. आणि सॅम्पल टोचताना त्यातही ७०-७५ टक्के ॲसिटोनायट्राइल असलं पाहिजे. हिलिकमध्ये पाणी हा सर्वांत ताकदवान द्रावक आहे, त्यामुळे पाण्यात विरघळवलेलं सॅम्पल १० मायक्रोलिटर टोचलं की शर्करेचा काही भाग कॉलमला न चिकटताच पुढे निघून जातो, उरलेल्याचं पीक पसरट किंवा दुभंगलेलं येतं. 'माझ्या प्रत्येक ग्लायकनचे दोन आयसोमर दिसतात' अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी सॅम्पल कशात विरघळवलंय ते विचारते. दोन रनच्या मध्ये कॉलमला सुरुवातीच्या अटींवर परत यायला पुरेसा वेळ द्या, घाई केली की पुढच्या रनचे वेळ सरकतात.

हिलिक कमी पडला तर पोरस ग्रॅफायटाइज्ड कार्बनचा कॉलम. आयसोमर वेगळे करण्यात त्याच्या तोडीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. २,३ आणि २,६ सायलिक आम्ल तिथे लांब लांब सुटतात, आणि क्रम हिलिकच्या उलट असतो: २,६ आधी, २,३ नंतर. पण तो कॉलम हट्टी आहे. मोकळ्या टोकाचे अल्फा आणि बीटा प्रकारसुद्धा वेगळे करतो, म्हणून लेबल नसलेली शर्करा आधी सोडियम बोरोहायड्राइडने रिड्यूस करून घ्यावी लागते, वस्तुमानात २.०१६ ची भर पडते. नाहीतर एकाच रेणूची दोन पीक दिसतात. शिवाय आयन सोर्सचा (रेणूंना विद्युतभार देणाऱ्या भागाचा) विद्युतदाब कॉलमपर्यंत पोचला की कार्बनचा पृष्ठभाग बदलतो आणि वेळ रोज वेगळे येतात. कॉलम आणि सोर्स यांच्यामध्ये अर्थिंग करा. सगळ्या पीकसाठी हा खटाटोप नको, वादग्रस्त दोन-तीन पीकसाठी मात्र तो सार्थकी लागतो.

तिसरी साक्ष एन्झाइमची, आणि मला ती सर्वांत आवडते, कारण ती हो किंवा नाही अशीच बोलते. लेबल लावलेल्या सॅम्पलचे चार समान भाग करा. एकात एन्झाइम नाही, फक्त बफर, पण बाकीच्यांसोबत रात्रभर ३७ अंशांनाच ठेवायचं. ही तुलनेची नळी वगळू नका. सायलिक आम्ल नुसत्या उष्णतेनेही थोडं गळतं आणि ते गळणं तुम्ही एन्झाइमच्या नावावर लिहाल. दुसऱ्या नळीत आर्थ्रोबॅक्टर युरिआफेशिअन्सचं सायलिडेज, जे २,३ आणि २,६ दोन्ही कापतं. तिसरीत स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनीचं, फक्त २,३ कापणारं. चौथीत गाईच्या मूत्रपिंडातलं फ्युकोसिडेज, जे गाभ्यावरचा १,६ फ्युकोज काढतं. फांदीवरच्या फ्युकोजचा संशय असेल तर बदामातलं फ्युकोसिडेज वेगळ्या नळीत.

मग तुमचं पीक पाहा. दुसऱ्या नळीत ते १०२६.८८५ वरून नाहीसं होऊन ८८१.३३८ वर, कॉलमवरही आधीच्या वेळेला सरकलं, तर सायलिक आम्ल नक्की. तिसऱ्या नळीतही सरकलं तर २,३. तिसरीत जागेवरच राहिलं तर २,६. अर्धं सरकलं आणि अर्धं राहिलं, तर दोन्ही रेणू आहेत आणि प्रमाणही हातात आलं. तीनपैकी कोणत्याच नळीत हललं नाही, तर एन्झाइम जिवंत आहे का ते आधी तपासा. ज्याची रचना माहीत आहे असं एक ग्लायकन सोबत ठेवलेलं असलं की हा प्रश्न लगेच सुटतो. एन्झाइम मिळत नसतील तर रासायनिक वाट आहे, तीही चांगली. लेबल लावण्याआधी ग्लायकनचं इथेनॉलमध्ये एस्टरीकरण केलं की २,६ सायलिक आम्लाचं इथाइल एस्टर बनतं, वस्तुमान २८.०३१ ने वाढतं. २,३ वालं शेजारच्या शर्करेशी लॅक्टोन बनवतं आणि पाणी जाऊन १८.०११ ने घटतं. एकाच वस्तुमानाचे दोन आयसोमर ४६.०४ ने लांब होतात.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती सांगायला वेळ लागतो: सॅम्पलची तयारी. यंत्रासमोर बसून जे प्रश्न पडतात त्यांतले निम्मे नळीत जन्मलेले असतात. पीएनजीएज एफ शर्करा सोडवतं तेव्हा टोकाला आधी अमाइन राहतं. ते पाण्याशी प्रतिक्रिया होऊन गेल्याशिवाय २-एबी लागत नाही. म्हणून एन्झाइमनंतर १ टक्का फॉर्मिक आम्लात खोलीच्या तापमानाला पाऊण तास. त्यापेक्षा तीव्र आम्ल नको, आणि आम्ल असताना गरम करून सुकवायचं तर मुळीच नको, सायलिक आम्ल तिथेच निघून जातं. मग सॅम्पल पूर्ण कोरडं करून २-एबी आणि सोडियम सायनोबोरोहायड्राइड, डायमिथाइल सल्फॉक्साइड आणि अॅसेटिक आम्लाच्या ७० ला ३० मिश्रणात, ६५ अंशांना तीन तास. सायनोबोरोहायड्राइड आम्लात हायड्रोजन सायनाइड सोडतं, हे काम फ्यूम हूडमध्येच, अगदी एकच नळी असली तरी. आणि पीएनजीएज एफच्या मर्यादा ध्यानात ठेवा: गाभ्यावर १,३ फ्युकोज असेल, जसा वनस्पती आणि कीटकांच्या प्रोटीनवर असतो, तर ते कापतच नाही. तिथे पीएनजीएज ए लागतं. ओ-ग्लायकनसाठी तर असं सर्वांना चालणारं एन्झाइमच नाही, अल्कलीने सोडवावे लागतात.

काही वर्षांपूर्वी एका सॅम्पलमध्ये मला १६२.०५३ च्या समान अंतरावर आठ-नऊ पीकची सुरेख शिडी दिसली. हेक्सोजची साखळी, एकेकाने वाढत जाणारी. मॅनोज जास्त असलेले ग्लायकन सापडले अशी माझी खात्री पटली आणि त्यांवर मी जवळपास दोन आठवडे घालवले. मॅनोसिडेज टाकलं, शिडी हलेना. तुकड्यांमध्ये २०४ नव्हतं. एन-ग्लायकनमध्ये २०४ नसेल असं होऊच शकत नाही, आणि ते मी पहिल्या दिवशी पाहायला हवं होतं. शेवटी प्रोटीनऐवजी नुसतं पाणी घेऊन सगळी प्रक्रिया पहिल्यापासून केली, आणि तीच शिडी, तितकीच सुरेख, कोऱ्या सॅम्पलमध्ये उभी राहिली. ग्लुकोजच्या साखळ्या होत्या, गाळणीच्या सेल्युलोजच्या पडद्यातून उतरलेल्या. तेव्हापासून प्रत्येक तुकडीत एक कोरी नळी, त्याच एन्झाइमसह, त्याच गाळणीतून, त्याच लेबलसह. तुमच्याकडे अशी नळी नसेल तर पुढचं काही करण्याआधी ती करा.

तुमच्या पीकबाबत अजून एक तपासणी बाकी आहे. सोर्समध्येच सायलिक आम्ल तुटून पडत नाही ना? ८८१.३३८ चा आयन क्रोमॅटोग्राम काढा. सायलिक आम्ल नसलेला खरा रेणू कॉलमवरून आधी बाहेर पडतो. पण १०२६.८८५ च्या बरोबर त्याच क्षणी, त्याच आकाराचं ८८१.३३८ चं पीक दिसत असेल, तर तो सोर्समध्ये तुटलेला तुकडा आहे. कोन व्होल्टेज (सोर्समधून आयन आत खेचणारा दाब) उतरवा. हे न पाहता मास सिग्नलवरून टक्केवारी काढली तर सायलिक आम्ल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल.

टक्केवारीचा विषय निघाला म्हणून सांगते: प्रमाण मोजायचं ते फ्लुरोसन्सवर. प्रत्येक ग्लायकनला, तो लहान असो वा मोठा, २-एबीचा एकच रेणू लागतो, त्यामुळे पीकचं क्षेत्रफळ थेट रेणूंच्या संख्येशी जुळतं. मास सिग्नल तसा नाही. सायलिक आम्लवाले पॉझिटिव्ह मोडमध्ये दबतात, मोठे रेणू दोन-तीन विद्युतभारांत विभागले जातात, काही अमोनियम घेऊन १०३५.४० वर जाऊन बसतात. सिग्नलच अपुरा पडत असेल तर २-एबीऐवजी प्रोकेनामाइड लावून पाहा. ते वस्तुमानात २१९.१७ ची भर घालतं आणि त्याच्यातल्या तिसऱ्या श्रेणीच्या अमाइनमुळे आयन बरेच जास्त मिळतात. पण ग्लुकोज युनिट बदलतात, जुन्या २-एबीच्या नोंदींशी तुलना करता येत नाही.

वनस्पतींच्या पॉलिसॅकराइडवर काम करणाऱ्यांनी यातलं बरंचसं बाजूला ठेवावं. तिथे आधी २ मोलर ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लात तोडून मोनोसॅकराइड कोणते आणि किती ते काढायचं. पीएमपी लेबल त्यासाठी सोयीचं आहे, सी१८ कॉलमवर ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि मॅनोज वेगळे होतात, हेक्सोजचा आयन ५११.२२ वर आणि त्याचा १७५ चा तुकडा ओळखायला सोपा. फ्रक्टोजसारख्या कीटोजला मात्र पीएमपी लागत नाही. जोडण्यांसाठी परमिथायलेशन. हाकोमोरी यांनी १९६४ मध्ये ते सर्वांच्या आवाक्यात आणलं आणि १९८४ मध्ये चुकानू आणि केरेक यांनी सोडियम हायड्रॉक्साइड वापरून ते आणखी सोपं केलं. आजही जोडणी ठरवण्याचा तो भक्कम मार्ग आहे.

राहिला प्रश्न तक्त्यात लिहायचं काय. आज तुमच्या हातात फक्त वस्तुमान आहे, तर आयसोटोप मालिका तपासून '५ हेक्सोज, ४ एन-असिटिलहेक्सोजअमाइन, १ न्यू५एसी' एवढंच लिहा. चित्र काढायचं असेल तर एसएनएफजी (ग्लायकन दाखवण्याची ठरलेली चित्रपद्धत) चिन्हांमध्ये त्याची सोय आहे: हिरवं वर्तुळ म्हणजे मॅनोज, पिवळं म्हणजे गॅलॅक्टोज, आणि कोणता हेक्सोज ते ठरलेलं नसेल तर पांढरं वर्तुळ. २७४ आणि २९२ दिसले की न्यू५एसीचा जांभळा हिऱ्याचा आकार नक्की करा. सायलिडेजच्या दोन नळ्या झाल्या की त्याच्या रेषेवर ३ किंवा ६ लिहा. गॅलॅक्टोसिडेज चालवलेलं नसेल तर टोकाजवळची दोन वर्तुळं पांढरीच राहू द्या, आणि तक्त्याच्या तळटीपेत कोणती नळी चालवली नाही तेही लिहा.